अधीक्षकांची लस

अधीक्षक दिघावकरांनी फर्मान काढलं, "रुग्णाला हात लावणाऱ्या प्रत्येकानं आज फ्लूची लस घ्यायची, नाहीतर घरी बसायचं." नर्सेस भडकल्या. लसीला त्यांची ना नव्हती, पण साहेबांनी स्वतःच घेतली नव्हती.

रोझलिन साळवे सिस्टर ट्रे घेऊन थेट त्यांच्या केबिनमध्ये शिरल्या. बाकीच्या नर्सेस दारात दाटीवाटीनं उभ्या राहिल्या.

"सर, तुमची राहिलीय."

"मला कशाला? मी रुग्णाला हात लावतोच कुठे?"

सिस्टरांनी वॉर्डातले केसपेपर टेबलावर ठेवले. प्रत्येकावर रोजची नोंद होती, 'रुग्ण स्वतः तपासला', आणि खाली साहेबांची सही.

"मग खोटं काय धरू, सर? तुमचं बोलणं, की ही सही?"

साहेबांनी बाही वर केली.

"डाव्या हाताला देते," सिस्टर म्हणाल्या. "उजवा तुम्हाला उद्या रुग्ण तपासायला लागेल."