नीळकंठ साडेतीन आक्छी दोडका

त्या खोऱ्यात प्रत्येक गोष्ट दोनदा ठेवली जाई. एकदा खाली, हाताशी. आणि एकदा वर, टेकडीच्या गुहेत, न जाणो म्हणून. त्यातही सगळ्यांचा जीव अडकलेला असे तो भाताच्या बियाण्यात. खालची कणगी खारीच्या ताब्यात होती, गुहेचं दार साळिंदराच्या, आणि या दोघांच्या मध्ये रोज भर दुपारी एक गाढव बियाण्याची गोणी घेऊन जात असे. त्याला हाकावं लागत नसे, वाट दाखवावी लागत नसे. वानराने पाठीवर गोणी चढवली की हे आपलं चालू लागे. दारात साळिंदर विचारी, "शब्द?" गाढव म्हणे, "कारलं." दार उघडे, गोणी आत जाई, गाढव रिकामं परत येई. काम इतकं बिनबोभाट, की आपल्याकडे असं एक गाढव आहे हेच सगळे विसरून गेले होते.

एकदा कोल्ह्याला काळजीने घेरलं. कोल्हा रखवालीचा मंत्री. काळजी करणं हीच त्याची नोकरी. "कारलं हा काय शब्द झाला, महाराज?" तो राजाला, म्हणजे रानगव्याला, म्हणाला. "कुणीही ओळखेल. शब्दात एक पाखरू हवं, एक आकडा हवा, आणि मध्येच एक शिंक हवी." राजाला शिंकेची कल्पना फारच आवडली. साळिंदराला कोल्ह्याने स्वतः वर जाऊन नवा शब्द पढवला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दवंडी पिटून सभा भरली आणि 'नीळकंठ साडेतीन आक्छी दोडका' सगळ्यांकडून घोकून घेतला. बगळ्याला सांगितला, घुशीला सांगितला, गुहेशी काडीचा संबंध नसलेल्या बेडकालाही सांगितला. गाढव त्या वेळी वाटेवर होतं.

दारात पोचल्यावर ते नेहमीप्रमाणे म्हणालं, "कारलं."

"चूक."

गाढवाने पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. तीनदा चुकलं की काटे फुलवून दुसऱ्या दिवसापर्यंत पाठ फिरवायची, असा साळिंदराचा नियम होता. गाढव गोणीसकट परत आलं आणि वेशीपाशी उभं राहून जे ओरडू लागलं, ते थांबेचना. काम फसलं की ओरडायचं, एवढं त्याला शिकवलेलं होतं.

मग चौकशी झाली, आणि ती अगदी साग्रसंगीत. कासववैद्यांनी गाढवाची जीभ तपासली. त्याला गूळ चारला, खूर घासले, गळ्यातला दोर बदलून पाहिला. शेवटी खार म्हणाली, "अरे, पण तू दारात म्हणतोस तरी काय?"

"खबरदार!" कोल्हा तिच्या अंगावरच आला. "शब्द विचारायचाही नाही आणि सांगायचाही नाही. नियम म्हणजे नियम, खारूताई!"

आता बोला! सगळ्या खोऱ्याला दवंडी पिटून सांगितलेला शब्द, पण एका गाढवापुरता तो गुपित. कोल्ह्याने निकाल दिला की दार ठीक आहे, शब्द ठीक आहे, त्याअर्थी गाढवच बिनसलंय. होईल आपोआप बरं.

ते काही बरं झालं नाही. रोज दुपारी ओरडणं सुरूच. राजाची वामकुक्षी मोडू लागली, तेव्हा फर्मान निघालं की गाढवाने ओढ्यापलीकडे ओरडावं. झालं! खोरं पुन्हा शांत. राजा उठल्यावर विचारी, "आज ओरडलं का रे?" कोल्हा म्हणे, "छे, महाराज." राजा म्हणे, "म्हणजे सगळं सुरळीत." वानराचं तर फावलंच. पाठीवर गोणी नसेल तर नवी चढवायची, असा त्याला हुकूम. आणि गोणी तर रोज पाठीवर दिसे. कुणीतरी चढवली असेल, असं म्हणून तो फांदीवर लवंडे.

वर साळिंदर मात्र आपलं काम इमानेइतबारे करत होतं. दर अमावास्येला जुन्या गोण्या बाहेर काढायच्या, बियाणं पाखरांना उधळायचं आणि नव्या गोण्यांना जागा करून ठेवायची. ते जागा करत राहिलं.

पेरणी तोंडावर आली. खारीने कणगीत हात घातला, तर हाताला पीठ लागलं. टोक्यांनी दाणा न् दाणा आतून पोखरला होता. खार मटकन खाली बसली. हे बियाणं गेलं तर यंदा खोऱ्यात भात नाही, आणि पुढेही कधी नाही. तिच्या घरात अजून डोळेही न उघडलेली पिल्लं होती.

"अगं, वर आहे ना!" राजा म्हणाला.

"वर आहेच," कोल्हा म्हणाला. तेवढ्याच आशेवर खार उठून उभी राहिली.

सगळे टेकडी चढले. कोल्हा ऐटीत पुढे झाला. "नीळकंठ साडेतीन..." आणि शिंक येईना! राजाच्या शेपटीचा केस त्याच्या नाकात घातला, तेव्हा कुठे शिंक आली. "दोडका!" कोल्हा घाईघाईने ओरडला आणि दार उघडलं.

गुहा लख्ख होती. जमीन सारवलेली, कोपरे झाडलेले, कोळिष्टक म्हणून नाही. गोणी मात्र एकही नव्हती.

"महाराज," साळिंदर छाती काढून म्हणालं, "शब्द बदलल्यापासून इथला एक दाणा चोरीला गेलेला नाही."

"मेल्या, मग आत घेतलंस तरी कुणाला?" खारीला रडू कोसळलं.

"कुणालाच नाही!" ते अभिमानाने म्हणालं.

तेवढ्यात बाहेर खुरांचा आवाज आला. साळिंदर लगबगीने दारात जाऊन उभं राहिलं.

"शब्द?"

"कारलं."

"चूक."

खार साळिंदराच्या काट्यांखालून सुळकन बाहेर पळाली. रणरणत्या उन्हात गाढव उभं होतं. पाठीवर गोणी, आणि गोणीच्या तोंडाला खारीच्याच हातची शिवण, उन्हाने विटलेली. तिने दाताने टाके तोडले, एक दाणा चावून पाहिला. कट्टकन वाजला. रोजचं ऊन खाल्लेल्या त्या बियाण्याला टोक्यांनी शिवलंही नव्हतं. एका गोणीत सगळं खोरं पेरून होणार नव्हतं, पण ओढ्याकाठचा तुकडा नक्की होणार होता, आणि त्यातून पुढच्या सालचं बियाणं.

खारीने गाढवाच्या मानेला मिठीच मारली. ती हसत होती, रडत होती, आणि तिला त्याला नावाने हाक मारायची होती. तिने मागे वळून पाहिलं. कोल्ह्याने राजाकडे पाहिलं, राजाने वानराकडे, वानराने आभाळाकडे.

"बाबा रे," तिने शेवटी त्यालाच विचारलं, "तुझं नाव काय?"

त्या दारात गाढवाला आजवर एकच प्रश्न विचारला गेला होता. त्याने कान ताठ केले, पाय जुळवले आणि सांगितलं, "कारलं."

साळिंदराने तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.