नामंजूर ऋतू

त्या राज्यात ऋतू सहा होते आणि बालकवी साडेसातशे. राज्य म्हणजे एक पिंपळ, आणि आम्ही सारे कवी त्याची पानं. ज्या ऋतूवर मुलांसाठी कविता मंजूर झाली त्यालाच राज्यात प्रवेश, असा नियम होता. पाच ऋतूंवर आमच्या कविता ढिगानं होत्या. पानगळीच्या शिशिरावर मात्र एकही नव्हती, त्यामुळे तो बिचारा वेशीबाहेर स्वतःच्याच थंडीत कुडकुडत बसला होता.

मंजुरी देणारे, आमच्या कवी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे शेंड्यावरचे पर्णोजीराव. ते म्हणत, "पानं गळतात असं मुलांना कसं सांगायचं? कोवळी मनं असतात हो!" आम्ही माना डोलवायचो. धास्ती आमच्या म्हाताऱ्या मनांना होती, पण मुलांचं नाव पुढे केलेलं बरं दिसतं.

त्यात मी एक नंबरचा. माझी 'हिरवं हिरवं पान मी, झाडाची या शान मी' ही कविता सगळ्या फांद्यांवर पाठ होती. ती म्हणता म्हणता मी चांगला पिवळा पडलो होतो. कुणी तसं बोललंच तर मी म्हणायचो, "ऊन तसं पडलंय हो, दुसरं काय!" आणि मुलं? खरं सांगायचं तर मुलांसाठी लिहिण्याच्या गडबडीत एका तरी मुलाशी बोलायचं राहूनच गेलं होतं.

मूल माझ्या देठापाशीच होतं. ठकू नावाची इवलीशी पालवी, सालीखाली दुमडून बसलेली. एक दिवस ती आतून म्हणाली, "आजोबा, सरका ना. मला श्वास घेता येत नाही."

"सरकेन हं बाळा. आधी माझी कविता म्हण बघू, हातवारे करून."

"इथे हात हलवायला जागा कुठंय?"

तिचा आवाज फार बारीक झाला होता. खालच्या फांदीवरचे दोन कोंब असेच वाट बघून आतल्या आत सुकले होते. त्यांच्यावर मी लगेच एक हळवी कविता करून मोकळा झालो होतो. आता मात्र मी माझ्या कवितेचा हट्ट सोडला.

"बरं, तुझी तुला येते का एखादी?" मी विचारलं. ती आतूनच म्हणाली:

पिवळ्या पिवळ्या पाना रे,
वारा आलाय, जा ना रे!
तुझ्या जागी येते मी,
लाल झबलं लेते मी!

वरून पर्णोजीराव कडाडले, "नामंजूर! पान कधी लाल असतं का? पोरीला आधी रंग शिकवा!" सगळ्या फांद्या खो खो हसल्या. मीही हसायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. अरे, मीही लालच होतो की! पहिले आठ दिवस. कसा विसरलो कोण जाणे. पोरीच्या चार ओळींत अख्खा ऋतू आला होता. माझ्या शंभर कवितांत मिळून मी एकटाच होतो. असा जळफळलो की विचारू नका.

आणि जळफळता जळफळता हात शिवशिवायला लागले. टाळी द्यावीशी वाटली. पण आम्हा पानांना टाळी वाजवायची तर देठ सोडावा लागतो, म्हणून मंडळात कुणी कुणाला ती देत नसे. नुसतं सळसळून भागवत. मला भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी मी देठ सोडला.

"अहो, तिसऱ्या ओळीत मात्रा चुकलीय!" पर्णोजीराव ओरडत होते. मी गिरक्या घेत जमिनीला टेकलो तेव्हा वर ठकू बाहेर आली होती, लालचुटूक, अजून ओली. ती तीच कविता पुन्हा, मोठ्यानं म्हणत होती, आणि साऱ्या झाडावरून टाळ्या खाली येत होत्या.