बिजलीच्या कानांची इर्जिक

आंबेदरा गावात तीन हुशार माणसं होती, आणि गावाची खरी अडचण तीच होती. एक शाळेचे ढगे गुरुजी, दुसऱ्या अंगणवाडीच्या शेवंताबाई आणि तिसऱ्या दवाखान्यातल्या लोखंडे सिस्टर. तिघांची कामं चोख. गुरुजींच्या शाळेत भिंतीवरच्या वाघानंही पाढे म्हणावेत. शेवंताबाईंच्या खिचडीचा वास आला की गावची म्हातारी माणसं पुन्हा पाच वर्षांची व्हायला तयार. सिस्टर सुई अशी टोचायच्या, की पोर रडायचंच विसरायचं. तिघांच्या इमारती एकाच मैदानात, पण एकमेकींकडे पाठ करून उभ्या. माणसंही तशीच. समोरासमोर आली तर नमस्कार करायची आणि मान ताठ ठेवून आपापल्या दारात शिरायची.

त्याच गावात हरबा कोकरे हा म्हातारा धनगर राहायचा. मुलगा आणि सून मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात गेलेली. घरी हरबा, मागं राहिलेली लंगडी कोकरं आणि सहा वर्षांची नात बिजली. बिजली नावासारखीच चपळ. पण हाक मारली तर वळायची नाही, आणि बोलायची तर मुळीच नाही.

हरबा शेवंताबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "तात्या, पोरगी सहाची झाली. आता ती शाळेची."

गुरुजी म्हणाले, "घेतो की शाळेत. पण ऐकू येत नसेल तर शिकवू कसं? आधी कान दाखवा. ते काम सिस्टरांचं."

सिस्टर म्हणाल्या, "मी कधीची सांगतेय, जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. तिथं कानाचं मशीन मिळतं. आणि तात्या, उशीर नका करू. हे वय गेलं की मशीन लावूनही बोलणं येणं अवघड."

तिघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी हरबा एकटाच नातीला घेऊन जिल्ह्याला गेला. तिथली गर्दी बघून बिजलीनं जमिनीवर अंग टाकलं. हरबा दिवसभर भलत्याच रांगेत उभा राहिला आणि डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन परत आला. गाव हसलं. हरबाही हसला. घरी येऊन मात्र तो नातीच्या तोंडाकडे बघत बसला, तेव्हा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं गावात सांगावा धाडला: रविवारी कोकऱ्याकडे इर्जिक, जेवण मटणाचं.

इर्जिक म्हणजे काय ते सांगतो. एकाचं शेत नांगरायला सगळ्या गावानं आपापले बैल-नांगर घेऊन जायचं. मजुरी घ्यायची नाही. शेत पुरं झालं की मालकानं पोटभर जेवू घालायचं. ढगे गुरुजींनी जन्मात नांगर धरला नव्हता, पण इर्जिकीचं जेवण कधी चुकवलं नव्हतं. सिस्टर आणि शेवंताबाईही आल्या. मटण म्हटल्यावर आंबेदऱ्यात ताठ मानासुद्धा वाकतात.

माणसं जमली, बैल आले. चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. हरबानं बिजलीचा हात धरला आणि तिला मधोमध उभं केलं.

"आज शेत न्हाई," तो म्हणाला. "हिचे कान हायेत. जुंपा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. गुरुजी म्हणाले, "तात्या, हे आमच्या खात्यात बसत नाही."

"इर्जिकीत कोण इचारतं का गुरुजी, बैल कुणाचा आन् नांगर कुणाचा? आन् रान पुरं झाल्याबिगर पंगत बसत न्हाई, हे तुमास्नी ठावं हाय."

असं म्हणून त्यानं पातेल्यावरचं झाकण जरा सरकवलं. वास सुटला. भुकेलं गाव तिघांकडे बघायला लागलं.

"सिस्टर, उरका की जरा," मागून कुणीतरी म्हणालं.

सिस्टरांनी घसा खाकरला. "दर गुरुवारी मी लसी आणायला जिल्ह्याला जातेच. तिथली सगळी दारं मला माहीत आहेत. पण पोर माझ्या हाती राहायची नाही. सुईवाली म्हणून मला बघूनच पळते."

"माझ्या मांडीवर बसते ती," शेवंताबाई म्हणाल्या. "पण अंगणवाडीतली पिल्लं मी कुणाच्या गळ्यात घालू?"

सगळ्या माना गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी पातेल्याकडे पाहिलं, मग बिजलीकडे. ती त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती.

"पिल्लं माझ्या पहिलीत आणून बसवा," ते हळूच म्हणाले. "गुरुवारपुरती नव्हे. लागेल तेव्हा."

कोकरं सांभाळायला शेजारच्या कोंडिबानं घेतली, गाडी सरपंचानं दिली. हरबानं मग पानं मांडली. म्हणे त्या दिवशी गुरुजींनी रस्सा मागून मागून घेतला.

जिल्ह्याच्या चकरा बऱ्याच झाल्या. गुरुजींच्या धोतराला दर वेळी कुणीतरी चिमुकलं लोंबकळलेलं असायचं. पण बिजलीच्या कानांना मशीन लागलं. ती शाळेत बसली. आधी नुसतं ऐकलं, मग एकेक शब्द बोलायला लागली.

एका संध्याकाळी हरबा धावत पारावर आला. लोकांना वाटलं, काही बरंवाईट झालं.

"मी हाक मारली," तो धापा टाकत म्हणाला. "तिनं ऐकली. वळून माझ्याकडं बघितलं. आन् तोंड फिरवून पुन्हा खेळायला पळाली. आली न्हाई."

नात कलेक्टर झाल्यासारखं तो हे सगळ्यांना सांगत सुटला.

गुरुजी म्हणाले, हा नाठाळपणा अंगणवाडीतला. शेवंताबाई म्हणाल्या, माझी पोरं गरीब, शाळेत जाऊन बिघडतात. सिस्टर म्हणाल्या, कान मी बघितले, बाकीचं तुमचं तुम्ही निस्तरा. भांडत होते तिघं, पण शेजारी शेजारी उभे राहून, आणि तिघांचीही छाती फुगलेली.

तात्पर्य: लेकरू कुठल्या एका खात्याचं नसतं, ते साऱ्या गावाचं रान असतं, जो तो आपला बैल आपल्याच दारात मिरवत बसला तर रान पडीक राहतं, आणि सगळे मिळून उतरले तर पिकाचा अभिमान सगळ्यांच्या वाट्याला पुरून उरतो.