येसबाचं रोमला प्रस्थान

एका गावात एक भोळा शिंपी होता, येसबा नावाचा. देवानं त्याला दोन कान दिले होते. दोहोंच्या मधलं द्यायचं राहून गेलं होतं. त्याची लेक शेवंता लग्न होऊन इटलीत, रोमला राहायची. ती पहिलटकरीण. तिनं कळवलं, बाळंतपणाला या, आणि दोघंही जुनं रोम डोळे भरून बघून जा. बायको चंद्राक्का डिंकाचे लाडू वळायला बसली. दिवस भरायच्या आत लेकीला गाठायचं, एवढंच तिच्या मनात. कागदपत्रांचं काम येसबाकडं आलं, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

तालुक्याला प्रवासाची कामं बघणाऱ्या कुंदाताई होत्या. येसबानं त्यांना फोटो नेऊन दिला. फोटोत टोपी होती, आणि सगळे दात. ताई म्हणाल्या, "काका, डोक्यावर काही नको आणि हसायचं नाही."

गावातून परदेशी जाणारा पहिलाच, म्हणून पंचायतीनं सत्कार ठेवला. सरपंचांनी फेटा बांधला. येसबानं तो काढून त्यांच्याच हातात दिला आणि सुतकी तोंड करून बसला.

घरी चंद्राक्का म्हणाली, "अहो, चारचौघांत कुणी काही दिलं तर कपाळाला लावावं, हसून घ्यावं, मुकाट घरी यावं."

"खरंच की," येसबा म्हणाला.

मग तो मुंबईला व्हिसाच्या कचेरीत गेला. अर्जावर सही राहिली होती. खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत दिला. येसबानं तो कपाळाला लावला, हसला आणि मुकाट घरी आला. तीन आठवडे अर्ज देव्हाऱ्यात होता. चंद्राक्का बोटांवर दिवस मोजत होती. शेवटी कुंदाताईंनी सही करून घेतली आणि कसाबसा व्हिसा आणवला.

तिकीट मिळालं ते नेमकं अवसेचं. चंद्राक्का हबकली. भटजींनी तोड सांगितली, की दशमीला प्रस्थान ठेवा. चांगल्या वेळेला सामान शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायचं. सामान निघालं की माणूस निघाल्यात जमा. मग त्यानं घरी बसावं, सवडीनं जावं. येसबानं तसं केलं. जन्मात पहिल्यांदा त्याचं काही चुकलं नाही. त्यामुळं ती रीत त्याला फारच आवडली.

अवसेला दोघं विमानतळावर पोचली. चंद्राक्काचे गुडघे दुखत होते, ती खुर्चीवर टेकली. येसबानं सामान दिलं. बॅगा पट्ट्यावरून डुलत आत गेल्या. त्यानं समाधानानं पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "चल."

ती उठली. विमान त्या अंगाला असेल, असं तिला वाटलं. मागं दोघांची नावं पुकारत होते. येसबानं वळून हात जोडले. एसटीत बसल्यावर तिनं विचारलं, विमान इतकं लांब कसं? तो म्हणाला, सगळं रीतीनं चाललंय.

दुसऱ्या दिवशी गाव आलं. चंद्राक्का उंबऱ्यातच मटकन बसली. तेवढ्यात लेकीचा फोन वाजला.

"बाबा, कुठं आहात? मला कळा सुरू झाल्यात."

"काळजी करू नको, पोरी," येसबा म्हणाला. "आम्ही कालच निघालोय. आता चार दिवस घरी बसतो आणि सवडीनं येतो."