ओतशाळेतलं पागोटं

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

फार जुन्या काळी एका राज्यात धातू वितळवून घंटा ओतण्याची मोठी ओतशाळा होती. तिथला मुख्य ओतारी कामात अतिशय तरबेज होता. त्याने लाल पागोटं चढवलं की त्याच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही, अशी रीत होती. साच्यांची माती मळणाऱ्या बाया नदीपलीकडच्या, म्हणून हलक्या मानलेल्या. त्यांनी काही सांगायचं ते मुकादमालाच.

राजवाड्याची घंटा ओतायचा दिवस आला. खुद्द राजा मुहूर्ताला हजर होता. भट्टीत धातू उकळत होता. माती मळणाऱ्यांपैकी एका म्हातारीने साच्याच्या बुडाला हात लावला आणि ती दचकली.

"मुकादम, साचा ओला हाय."

"गप गं! राजासमोर माझी लाज काढतेस?"

धातू ओलीवर पडला तर साचा फुटणार, साच्याभोवतीच्या खड्ड्यात उभी असलेली माणसं भाजून मरणार, हे दोघांनाही माहीत होतं. म्हातारी तडक ओताऱ्यापुढे गेली.

"धनी, ओतू नका. बुडाला ओल हाय."

"बघा, पलीकडची आता धन्याला शिकवणार!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

ओताऱ्याने बुडाला हात लावला. त्याला काहीच कळलं नाही. आगीजवळ राबून त्याची बोटं बधिर झाली होती. त्याने मुकादमाकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"होय, धनी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या डोक्यावर पागोटं आहे, धनी."

 ओताऱ्याने पागोटं उतरवलं आणि राजापुढे हात जोडले. "महाराज, मुहूर्त चुकणार. दोष माझा आहे. माझ्या माणसांना बोलायची भीती मीच घातली."

साच्याचं बूड फोडलं, तर आत चिखल निघाला. हसणारे खाली बघू लागले.

नवा साचा पंधरा दिवस वाळवला. या खेपेला ओतारी उघड्या डोक्याने उभा राहिला. म्हातारीने बुडावरून हात फिरवला. "ओता आता," ती म्हणाली, तेव्हाच धातू सुटला. पुढे तीच तिथली रीत झाली, आणि त्या ओतशाळेत कधी कुणी भाजून मेलं नाही.

तात्पर्य: जिथे सर्वांत खालच्या माणसालाही 'थांबा' म्हणता येतं, तिथेच सगळे सुखरूप राहतात.

हे लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधकामावर जाऊन मी आमच्या मिस्त्रींना सांगितलं, की डावीकडची परांची हलते आहे, तिच्यावर कुणाला चढवू नका.