डोंगरावरचा पक्षी आणि घुबडाची वही

मुलांनो, एका डोंगराच्या माथ्यावर करवंदीची एकच जाळी उरली होती. चिमणीहून लहान, राखी रंगाचा एक पक्षी तिच्यात मादीसह राहत असे. बाकीच्या जाळ्या रानडुकरांनी कंदांसाठी उकरून टाकल्या होत्या. आता त्यांचा डोळा याच जाळीवर होता, आणि जाळीत तीन अंडी होती. एखाद्या जातीच्या पक्ष्याचे शेवटचे घर मोडायचे नाही, असा त्या रानाचा नियम होता. पक्ष्यांची नोंद घुबड ठेवत असे, म्हणून पक्षी संध्याकाळी त्याच्याकडे गेला.

घुबडाने वही चाळली. "राखी रंग, लांब शेपूट. म्हणजे तू वटवट्या. माळावरच्या गवतात तुझे ढीगभर भाऊबंद आहेत. जा तिकडे."

"आजोबा, मी वटवट्या नाही. मला गवतात राहता येत नाही. माझं गाणंही वेगळं आहे. ऐकलंय कधी तुम्ही?"

"ऐकायचं कशाला? गळालेली पिसं तपासलीत मी."

"झालं समाधान?" झाडाखाली उभे राहून ऐकणारे एक रानडुक्कर हसले. "उद्या दुपारी येतो आम्ही. सामान आवर!"

आता सांगा, हे पक्षी गातात सकाळी आणि घुबड झोपते सकाळी. ज्याने एकही गाणे ऐकले नाही, तोच गाणाऱ्यांच्या जाती ठरवत होता, आणि सारे रान ते मुकाट्याने मानत होते!

"एक सकाळ जागे राहा," पक्षी म्हणाला. "एकच!" फांद्याफांद्यांवरून सगळे बघत होते. घुबडाला नाही म्हणता येईना.

सकाळी पक्ष्याने माळावरचा वटवट्या बोलावून आणला आणि त्याच्यासमोर लांब शीळ घातली. वटवट्या दचकला. "बाबा रे, गातोयस की शिव्या देतोयस? मला काही कळलं नाही!" मग त्याने जाळीत डोकावून शेवाळाचे घरटे पाहिले. "असलं घरटं आमच्या माळावर एकही नाही, आजोबा."

घुबडाने मान खाली घातली. "चूक माझी. हा वेगळा पक्षी आहे. त्याचं घर एवढंच."

दुपारी आलेली डुकरे हात हलवत परतली. चार दिवसांनी अंडी फुटली. आधी उकरलेल्या जाळ्यांतली त्याच्या जातीची घरटी मात्र घुबडाने चूक कबूल केली म्हणून परत आली नाहीत.

तात्पर्य : ज्याच्याविषयी निर्णय द्यायचा, त्याचे म्हणणे आधी ऐकावे; न ऐकता केलेली नोंद एखाद्याचे घर मोडते.