दगडाखालची वस्ती

पाणी अजून बोलत असे, त्या काळातली ही गोष्ट. करवंदीच्या जाळीखालून एक लहानसा ओहोळ वाहायचा. एकदा पोटाशी पिल्लं धरून एक खेकडीण त्याच्या काठावर आली.

"दादा, पिल्लं सोडायला जागा शोधतेय," ती म्हणाली.

ओहोळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तळाशी कुजका पाला, दगडांवर शेवाळ आणि दगडांखाली वळवळणाऱ्या अळ्या! "बाई गं, माझ्याकडे नुसता पसारा," तो पुटपुटला. "पलीकडचा ओढा बघ, कसा आरशासारखा लख्ख आहे. येणारेजाणारे त्याचंच कौतुक करतात."

खेकडिणीने नांगीने एक दगड अलगद उलटला. खाली अळ्यांची एकच धांदल उडाली. ओहोळाला कुठे तोंड लपवू असं झालं.

दगड होता तसा ठेवून ती म्हणाली, "तिकडूनच येतेय मी. तिथेही दगड उलटून पाहिला. खाली कुणीच राहत नाही रे."

मग तिने पोटाची झडप उघडली. एवढी एवढीशी पिल्लं पाण्यात उतरू लागली, आणि ती दगडांखाली शिरेपर्यंत ओहोळ श्वास रोखून अगदी हळू वाहत राहिला.